टेन्शन घेऊ नको : एका इंग्रजी शब्दाचे अर्थ आणि वापर

 

आज आपण एकच शब्द घेणार आहोत. तो इंग्रजी आहे, पण यवतमाळ जिल्ह्यात इंग्रजी न येणाऱ्या माणसाच्याही तोंडात तो दिवसातून चार वेळा असतो. शब्द आहे 'टेन्शन'. दहावीच्या पोराला असतं, पोरीच्या लग्नाचं बापाला असतं, पाऊस लांबला की गावाला असतं. आणि कुणाला आहे असं कळलं की आपलं उत्तर ठरलेलं असतं, "टेन्शन नोको घेऊ बाप्पा, होते सारं बराबर."

आजचा आमचा मुद्दा या उत्तराबद्दलच आहे. पण तिथं पोचायच्या आधी हा शब्द आला कुठून, त्याचे अर्थ किती आणि मराठीत येऊन त्यानं काय केलं, हे क्रमानं बघू.

शब्दाचं घराणं

लॅटिन भाषेत 'तेन्देरे' असं क्रियापद आहे. अर्थ ताणणे, ओढून धरणे. त्यावरून 'टेन्शन' झाला आणि सोळाव्या शतकात तो इंग्रजीत दिसायला लागला. तेव्हा त्याचा अर्थ अगदी साधा होता : दोरी, स्नायू, कातडं असं काहीतरी ताणलेलं असणं. मनाचा ताण हा अर्थ पुढं, अठराव्या शतकात चिकटला.

आता गंमत बघा. आपल्या संस्कृतात 'तन्' धातू आहे. अर्थ ताणणे, पसरणे. पाणिनीच्या व्याकरणातल्या आठव्या गणाचं नावच या धातूवरून 'तनादि' असं आहे. त्याच धातूपासून तंतू आला, गाण्यातली तान आली, संतान आलं. 'तंत्र' या शब्दाचा जुना अर्थ माग, म्हणजे कापड विणायचा माग. मागावर उभे सूत ताणून धरतात तो ताणा, आडवं जातं तो बाणा. आणि आपला रोजचा 'ताण'ही त्याच घरचा. भाषाशास्त्र सांगतं, की लॅटिनमधला 'तेन्देरे' आणि संस्कृतातला 'तन्' ही एकाच जुन्या मूळाची दोन रोपं आहेत. म्हणजे 'टेन्शन' आणि 'ताण' हे चुलतभाऊ. एक इंग्लंडला वाढला, एक इकडं, आणि कापसाच्या या मुलखात त्यांची पुन्हा गाठ पडली.

या घराण्यातले बाकीचे लोकही आपल्या ओळखीचे आहेत. तंबू ताणून उभा करतात तो टेन्ट. भाव पुढं करतात ते टेंडर. लक्ष ताणून धरणं म्हणजे अटेन्शन. वायर पुढं ताणली की एक्स्टेन्शन. आणि ग्रीक भाषेतल्या शाखेतून आलेला 'टॉनिक'. टॉनिकचा मूळ अर्थही अंगात ताण, म्हणजे जोम आणणारं. तेव्हा कुणी डॉक्टरला म्हणाला, "टेन्शन आहे, एखादं टॉनिक द्या", तर व्युत्पत्तीच्या दृष्टीनं तो एका भावावर दुसऱ्या भावाचा उतारा मागतोय! पेन्शनचा मात्र या घराशी संबंध नाही. यमक जुळतं तेवढंच. त्याचं मूळ 'तोलणे' या अर्थाच्या शब्दात आहे.

यंत्रातलं टेन्शन आणि शरीरातलं

हा शब्द आपण सगळ्याच ठिकाणी मनासाठी वापरत नाही. शिलाई मशीन चालवणाऱ्या कुठल्याही ताईंना विचारा. मशीनला धाग्याचं टेन्शन कमी-जास्त करायची एक चकती असते. टेन्शन जास्त झालं तर धागा तुटतो. कमी झालं तर खालून दोऱ्याचे फासे लोंबतात, टाका बसतच नाही. इथं शब्द आपल्या मूळ अर्थाच्या सगळ्यात जवळ आहे, आणि एक गोष्ट शिकवतो : थोडा ताण लागतोच. परीक्षेच्या आदल्या रात्री पोरगं अभ्यासाला बसतं ते या ताणामुळंच. प्रश्न धागा तुटण्याइतका ताण झाला की येतो.

दुसरी जागा विजेची. 'हाय टेन्शन लाइन', 'एचटी', 'एलटी' हे शब्द गावात सगळ्यांना माहीत आहेत. विजेच्या शास्त्रात टेन्शन म्हणजे व्होल्टेज. मराठीत आपण त्याला 'दाब' म्हटलं : उच्चदाब वाहिनी, लघुदाब वाहिनी. शाळेच्या विज्ञानात मात्र पाण्याच्या बाबतीत पृष्ठताण म्हटलं. म्हणजे एकाच इंग्रजी शब्दाला शास्त्राच्या मराठीनं दोन प्रतिशब्द दिले, कुठं दाब, कुठं ताण.

आणि तिसरी जागा दवाखान्यातली. इथं जरा थांबू, कारण इथं या शब्दामुळं खरंखुरं नुकसान होतं. डॉक्टर 'हायपरटेन्शन' लिहितात. पेशंट वाचतो आणि म्हणतो, मला टेन्शन जास्त झालं म्हणून हा आजार. मग पोरीचं लग्न उरकलं, टेन्शन गेलं, तर गोळी बंद! असं करू नका. हायपरटेन्शनमधलं टेन्शन हे रक्तवाहिन्यांमधल्या दाबाचं आहे. रक्तदाब वारंवार मोजून १४०/९० किंवा त्याच्या वर भरला तर साधारणपणे त्याला उच्च रक्तदाब म्हणतात. अत्यंत निवांत माणसालाही तो असू शकतो आणि बहुतेकदा त्याचं कसलंच लक्षण जाणवत नाही. गोळी मनाच्या स्थितीवरून बंद करायची नसते, डॉक्टरांना विचारून करायची असते. एका शब्दाचे दोन अर्थ वेगळे न केल्यामुळं अर्धांगवायूपर्यंत गोष्ट जाऊ शकते.

मराठीनं या शब्दाला कोणती क्रियापदं दिली

आता आपल्या मूळ विषयाकडं येऊ. परका शब्द भाषेत आला की त्याचा अर्थ कोशात बघून कळत नाही. त्याच्याबरोबर कोणती क्रियापदं फिरतात ते बघावं लागतं.

इंग्रजी माणूस स्वतःच्या काळजीबद्दल बोलताना सहसा 'आय हॅव टेन्शन' असं म्हणत नाही. त्याच्याकडं टेन्शन बहुधा दोघांच्या मध्ये असतं : दोन देशांत, नवरा-बायकोत, दोरीच्या दोन टोकांत. आपल्याकडं बातमीत 'सीमेवर तणाव' म्हणतात तो हाच अर्थ. मराठी बोलण्यात मात्र टेन्शन एका माणसाचं झालं. आणि त्याला आपण चार क्रियापदं जोडली.

पहिलं, टेन्शन येणे. "मले लय टेन्शन आलं." हे ताप येण्यासारखं, पाऊस येण्यासारखं आहे. आलं, माझा त्यात दोष नाही.

दुसरं, टेन्शन असणे. "टेन्शनमध्ये आहे." हा मुक्काम झाला. माणूस त्याच्या आत राहतो.

तिसरं, टेन्शन देणे. "पोरगं लय टेन्शन देते." इथं देणारा कुणीतरी आहे.

चौथं, टेन्शन घेणे. "तू कायले टेन्शन घेतं?" इथं सगळं बदलतं. आता ज्याला त्रास आहे तोच कर्ता झाला. टेन्शन जणू बाजारात ठेवलेलं होतं आणि यानं जाऊन घेतलं. घेतलं तसं ठेवूनही देता येईल, असं त्या वाक्यात गृहीत आहे.

देणं आणि घेणं ही दोन क्रियापदं मराठीत आणखी कशाला लागतात? कर्जाला. 'देणं' हा शब्द तर नाम म्हणूनही कर्जाच्या अर्थानंच येतो : "त्याच्यावर देणं आहे." यवतमाळसारख्या कोरडवाहू कापसाच्या जिल्ह्यात हे दोन व्यवहार एकमेकांना किती जवळ आहेत, हे आम्ही सांगायची गरज नाही. पण एक फरक आहे. कर्ज घेताना माणूस सही करतो. टेन्शन घेताना कुणी सही करत नाही. तरीही आपली भाषा त्याला 'घेणारा' म्हणते.

"टेन्शन घेऊ नको" हे वाक्य म्हणणाऱ्याच्या मनात माया असते, यात शंका नाही. पण ऐकणाऱ्याच्या कानात ते दोन प्रकारे पडतं. किरकोळ गोष्ट असेल तर खरंच बरं वाटतं. गोष्ट मोठी असेल तर त्याला ऐकू येतं : हे तूच ओढवून घेतलंस, आणि आता विषय संपला. त्यानं दार थोडं उघडलं होतं, आपण ते प्रेमानं लावून घेतलं.

काय गेलं, काय आलं

टेन्शन यायच्या आधी आपल्याकडं शब्द नव्हते असं नाही. भरपूर होते, आजही आहेत. काळजी ही दुसऱ्यासाठी असते, तिच्यात माया असते. चिंता एकटी असते, रात्री येते. धास्ती पुढं येणाऱ्या गोष्टीची. धसका होऊन गेलेल्या गोष्टीचा. विवंचना पैशाची, पोटापाण्याची. घोर जिवाला लागतो आणि लवकर सुटत नाही. डोक्याला ताप होतो, पोटात गोळा येतो, जीव टांगणीला लागतो. प्रत्येक शब्द त्रासाचा पत्ता सांगतो : कुठं आहे, कशाचा आहे, कधीपासूनचा आहे. 'टेन्शन' पत्ता सांगत नाही. मोबाइलचा रिचार्ज संपला तरी टेन्शन, दुबार पेरणीची वेळ आली तरी टेन्शन.

मग हा शब्द वाईट का? आम्हाला तसं वाटत नाही. त्यानं एक मोठं काम केलं. "मला नैराश्य आलंय" असं म्हणायला माणूस घाबरतो. "मनाचा आजार" म्हटलं की गाव 'येडा' म्हणेल ही भीती असते. डिप्रेशन म्हटलं तर तो डॉक्टरचा शब्द. हवामान खात्याच्या भाषेत तर डिप्रेशन बंगालच्या उपसागरात तयार होतं आणि आपल्याकडं पाऊस आणतं! पण 'टेन्शन' म्हणायला लाज वाटत नाही. कलेक्टरलाही असतं, मजुरालाही असतं. जो पुरुष आयुष्यात कधी 'मला रडू येतं' असं म्हणणार नाही, तो 'थोडं टेन्शन आहे' एवढं म्हणतो.

मार्क निक्टर नावाच्या मानववंशशास्त्रज्ञानं १९८१ साली दक्षिण भारतातल्या आपल्या अभ्यासावरून एक कल्पना मांडली : प्रत्येक समाजात दुःख सांगायच्या काही मान्य रीती असतात. कुठं अंगदुखीतून सांगतात, कुठं अंगात येण्यातून, कुठं उपासतापासातून. सरळ सांगता येत नाही ते या वाटेनं सांगतात. आपल्याकडं 'टेन्शन' ही अशीच वाट झाली आहे. आणि वाट आहे म्हटल्यावर तिच्यावर कोण चाललंय हे बघायला पाहिजे.

यवतमाळात हा शब्द कुठवर पोचतो

महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ रोजी कुटुंबासह जीवन संपवलं. महाराष्ट्रात जाहीर चर्चा झालेली ही पहिली शेतकरी आत्महत्या मानतात आणि त्या दिवशी आज अनेक जण अन्नत्याग करतात. त्यानंतर या जिल्ह्याचं नाव देशभर ज्या कारणानं गेलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. शेतकरी आत्महत्या एका कारणानं होत नाही. नापिकी, भाव, कर्ज, आजारपण, दारू, घरातले ताण, मनाचा न ओळखलेला आजार, असं बरंच काही एकात एक गुंतलेलं असतं.

आता भाषेच्या अंगानं बघा. घटना घडली की घरात चौकशी होते. सरकारी मदतीसाठीचे निकष आहेत : नापिकी, कर्जाची परतफेड न होणं, वसुलीचा तगादा. त्यावरून प्रकरण 'पात्र' किंवा 'अपात्र' ठरतं. घरातली माणसं मात्र सांगतात, "बरेच दिवसांपासून टेन्शनमध्ये होते." कागदाला हा शब्द चालत नाही, त्याला सात-बारा लागतो, बँकेचा दाखला लागतो. कागद त्याच्या जागी बरोबर असेल. पण घरच्यांच्या त्या वाक्यात एक गोष्ट आहे जी कुठल्याच रकान्यात बसत नाही : शब्द आधी बोलला गेला होता. बरेच दिवस बोलला जात होता.

आणि मागं राहिलेल्या बाईचं टेन्शन तर वेगळंच. तिला शेत, कर्ज, पोरं, सासर, कचेरी, सगळं एकटीनं बघायचं असतं, आणि तिला कुणी विचारतही नाही. २०१९ च्या जानेवारीत यवतमाळला ९२ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. त्याचं उद्घाटन केलं वैशाली येडे यांनी, कळंब तालुक्यातल्या राजूरच्या, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या पत्नी. साहित्याच्या व्यासपीठावर त्या दिवशी ही बाजू स्वतःच्या तोंडानं बोलली. अशा हजारो घरांत ती बोललेली नाही.

ऐकल्यावर काय करायचं

याबाबत काम झालेलं नाही असं नाही. महाराष्ट्र शासनाच्या आरोग्य विभागानं २०१५ साली प्रेरणा प्रकल्प सुरू केला. १४ जिल्ह्यांत, यवतमाळसह, आशाताई घरोघर जाऊन विचारपूस करतील आणि गरज असलेल्याला पुढं समुपदेशनाला, उपचाराला पाठवतील अशी त्याची रचना. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात ३० गावांमध्ये 'विश्राम' नावाचा कार्यक्रम झाला. गावातल्याच कार्यकर्त्यांनी लोकांशी मनाच्या त्रासाबद्दल बोलायचं, साधा आधार द्यायचा आणि गंभीर असेल त्याला डॉक्टरकडं न्यायचं. त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये 'लॅन्सेट सायकियाट्री' या नियतकालिकात आले. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण आधी ४.३ टक्के होतं, साधारण दीड वर्षानं ते २७.२ टक्के झालं. म्हणजे गावातल्या माणसानं विचारलं, तर लोक बोलतात.

मग आपण काय विचारायचं? कुणी "टेन्शन आहे" म्हटलं तर आमच्या मते तीन प्रश्न पुरेत.

पहिला : कशाचं? म्हणजे त्या मोठ्या, गोल शब्दाला पत्ता द्यायचा. पैशाचं आहे, तब्येतीचं आहे, का नेमकं सांगताच येत नाही? सांगता येत नाही हेही उत्तरच आहे.

दुसरा : कधीपासून? इथं दोन आठवडे हा आकडा लक्षात ठेवा. दोन आठवडे किंवा जास्त दिवस, बहुतेक वेळ मन उदास आहे किंवा नेहमीच्या कशातच रस वाटत नाही, जोडीला झोप नाही, भूक नाही, थकवा आहे, 'मी सगळ्यांना ओझं झालो' असे विचार येतात, तर ते रोजचं टेन्शन राहिलं नाही. तो नैराश्याचा आजार असू शकतो आणि त्याला उपचार आहेत.

तिसरा प्रश्न अवघड आहे, पण विचारायचा : जिवाचं काही बरंवाईट करावं असं मनात येतं का? विचारल्यानं डोक्यात नसलेला विचार घुसेल अशी भीती वाटते. तसं होत नाही, हे अभ्यासातून पुढं आलंय. उलट कुणीतरी शेवटी विचारलं म्हणून माणूस मोकळा होतो. उत्तर 'हो' असेल तर त्याला एकटं सोडू नका. घरात फवारणीचं औषध असेल तर ते काही दिवस दुसऱ्याच्या घरी, कुलपात ठेवा. ग्रामीण रुग्णालय, जिल्हा रुग्णालय, जे जवळ असेल तिथं सोबत घेऊन जा. आणि १४४१६ हा टेलि-मानसचा नंबर लिहून ठेवा. केंद्र सरकारची ही सेवा २०२२ पासून सुरू आहे. फोन मोफत आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं. ज्याला स्वतःलाच आता असं वाटतंय, त्यानंही हाच नंबर लावावा.

या तीन प्रश्नांनी कर्ज फिटत नाही, कापसाला भाव येत नाही. ती लढाई वेगळी आहे आणि ती लढलीच पाहिजे. 'टेन्शन' म्हणून सगळं मनावर ढकललं, तर ज्यांनी भावाचं, पाण्याचं, कर्जाचं उत्तर द्यायचं ते सुटतात, हा धोकाही या शब्दात आहेच. म्हणून 'कशाचं?' हा प्रश्न पहिला. त्याचं उत्तर कधी दवाखान्यात असतं, कधी बँकेत, कधी तहसिलात, आणि बहुतेक वेळा एकाहून जास्त ठिकाणी.

तर आजच्या पुरतं एवढंच. शब्द बदलायला आम्ही सांगत नाही. टेन्शन आपल्या बोलण्यात आता पक्कं बसलंय. फक्त पुढच्या वेळी पारावर, एसटीत, जिनिंगच्या रांगेत कुणी "टेन्शन हाये थोडं" म्हणालं, की "घेऊ नको" म्हणायच्या आधी "काऊन, काय झालं?" एवढं विचारा आणि मग जरा वेळ गप्प बसा. त्याला बोलायला वेळ लागतो.

आता तुमचे प्रश्न घेऊ.